तिच्या वाटची अर्धी भाकर

भूतखेत मी कधी मानलं नाही. स्मशानाला लागून आमचं शेत, तिथं एकटीनं कापूस वेचलाय... तरी हे लिहितेय.

शहाद्याजवळ तापीकाठचं आमचं गाव. राज्य अजून इंग्रजांचं होतं, माझ्या लग्नाला चार वर्षं झालेली. मोट चालू असताना विहिरीवरचं लाकूड मोडलं आणि थेट यांच्या डोक्यात बसलं. तीन दिवस शुद्ध नाही. चौथ्या दिवशी उठून बसले, आईला ओळखलं, बैलांची नावं घेतली. मी पाणी पुढे केलं तर म्हणाले, "हाई कोन शे? हाई मन्ही बायको नही."

थोरली जाऊ हसली. "भाऊजी, दिवसा कधी तिन्हं तोंड देखं व्हतं का तुम्ही?"

खरंच होतं ते. मोठ्यांसमोर आमचा पदर हनुवटीपर्यंत. मी पदर सारून समोर बसले, तरी तेच — "तिन्हासारखी दिखस. पन ती इहिरवर बठेल शे."

मग हे रोज विहिरीवर तिच्याशेजारी जाऊन बसायचे. भाकर जाऊ नेऊन द्यायची. अर्धी खायचे, अर्धी तिच्यासाठी दगडावर ठेवायचे. महिना गेला. सासूबाई म्हणाल्या, "पोरी, तुले देखीसन तो बिथरस. माहेर जाय."

सोमवारी भाऊ न्यायला येणार होता. मला रडू आलं नाही. दोन लुगडी गाठोड्यात बांधली, भांडी घासली.

रविवारी जावेला ताप, म्हणून ताटली आणायला मी गेले. दगडावरच्या तिच्या अर्ध्या भाकरीचा पापुद्रा सोलून बाजूला ठेवलेला, खालचं खाल्लेलं, कडा तशीच. लहानपणापासून मी अशीच खाते! पण सुना शेवटी जेवायच्या, चुलीकडे तोंड करून... मला खाताना यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आणि कुत्र्यानं कडा कशाला ठेवली असती?

माझ्याकडे न बघता हे म्हणाले, "ती म्हनस, इले ऱ्हाऊ द्या."

'हिला राहू द्या' एवढं सासूबाईंना पुरलं; भावाची गाडी रिकामी परत गेली. पुढं एकतीस वर्षं संसार केला, तीन लेकरं झाली. मला ते शेवटपर्यंत 'पाव्हनी' म्हणाले.

नातसून सांगते, मेंदूला मार लागला की माणूस आपल्याच माणसाला परकं समजतो, डॉक्टरांना ठाऊक आहे. असेल. पण भाकरीचं?

हे वारले त्या सकाळी म्हणाले, "पाव्हनी, तिले सांगजो, मी निंघनू."

मी विहिरीवर गेले. तिथं कोणी नव्हतं. कोणाला सांगायचं होतं, ते मला अजून उमगलेलं नाही.