चेष्टा जारी है

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे आमच्या मिरजेकडे कुणी कुणाला विचारत नाही. आमच्या लेकीनंही विचारलं नाही. पाचवा महिना लागला तेव्हा तिने पुण्याहून फोन केला, "आई, सातव्यात येते गं. मतलब, डॉक्टर हो म्हणाल्या तर." ती कडेवर होती तेव्हा ह्यांची रेल्वेतली बदली जयपूरला झाली, त्यामुळे तिच्या मराठीत 'मतलब' कायमचा मुक्कामाला आहे. एरवी मी टोकते. त्या दिवशी टोकलं नाही, कारण माझं लक्ष नळाखालच्या बादलीकडे होतं.

बादलीतल्या पाण्याला वास येत होता. जयपुरातल्या खातीपुऱ्यात, आमच्या गल्लीत कुठेतरी गटाराचं पाणी पिण्याच्या पाइपात झिरपत होतं. आधी समोरच्या घरातली सून कावीळ होऊन पडली, मग तिचा दीर, मग कोपऱ्यावरचा शिंपी. आम्ही पाणी उकळत होतो, प्यायला जार विकत आणत होतो. पण लेकीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्टच सांगितलं, की असल्या पाण्याने गरोदर बाईला कावीळ झाली तर आईच्या आणि बाळाच्या, दोघांच्या जिवावर बेतू शकतं. भाजी धुणं आलं, भांडी आली, गुळण्या आल्या, उकळलेलं पाणी कुठे कुठे पुरणार? पाणी नीट झाल्याशिवाय जायचं नाही. लेकीने विचारलं, "आई, मग येऊ की नको?" मी म्हटलं, "बघू." पोटच्या पोरीला 'बघू' म्हणायची वेळ यावी, याचा मला इतका संताप आला की त्या दिवशी ह्यांच्या डब्यातल्या भाजीत तिखट दोनदा पडलं.

पाणीखात्याच्या कचेरीत जाऊन सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिथले इंजिनियर शुद्ध हिंदीचे भोक्ते. दर वेळी खुर्चीतून अर्धवट उठून, हात जोडून म्हणायचे, "बहनजी, हमारी चेष्टा जारी है." मला वाटायचं, काय निगरगट्ट माणूस आहे! तोंडावर सांगतो की आम्ही तुमची चेष्टा करतोय! घरी येऊन मी तणतणायची आणि हे वर्तमानपत्रात तोंड खुपसून हसायचे. इतकी वर्षं जयपुरात राहून मला हा शब्द कसा माहीत नव्हता, असं कुणी विचारेल. पण माझी हिंदी भाजीबाजारातली. भाजीवाले 'कोशिश' करतात, चेष्टा करत नाहीत.

एवढ्यात कळलं की आमचे खासदार रविवारी शाळेच्या मैदानावर लोकांची गाऱ्हाणी ऐकणार आहेत. खासदार म्हटलं की माझं डोकं आधीच फिरतं. मतं मागायला दारात येतात आणि मग पाच वर्षं टीव्हीत. आमचे खासदार साठीचे गृहस्थ, कडक इस्त्रीचा कुर्ता, भोवती होयबांचा घोळका, आणि आले तेही उशिरा. इंजिनियरसाहेब शेजारीच बसलेले. माझी पाळी आली तेव्हा उन्हाने आणि रागाने माझं डोकं तापलं होतं. मी माइक हातात घेतला आणि कडाडले, "साहब, ये लोग रोज हमारी चेष्टा करते हैं! पूरा साल चेष्टा! अब ये चेष्टा बंद कीजिए!"

इंजिनियरसाहेबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "देखिए सर," ते म्हणाले, "बहनजी स्वयं मान रही हैं." लोकांना कळेना की टाळ्या वाजवाव्यात की काय करावं. खासदार माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "बहनजी, आप तारीफ़ कर रही हैं कि डाँट रही हैं?"

तेव्हा कुठे आमचे हे पुढे आले. हसू दाबत म्हणाले, "सर, आपकी हिंदी में चेष्टा मतलब कोशिश. हमारी मराठी में चेष्टा मतलब मज़ाक." सगळं मैदान खो खो हसलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. ह्यांना घरी गेल्यावर काय काय ऐकवायचं, ते मी तिथेच ठरवून टाकलं.

एकटे खासदार हसले नाहीत. त्यांची एक पद्धत होती, ती मी नंतर पाहिली. ते काही लिहून घेत नसत. माणसाचं बोलणं संपलं की त्याचंच बोलणं त्याला परत म्हणून दाखवत आणि विचारत, मी बरोबर समजलो का? तसंच ते मला म्हणाले, "मतलब, जिसको ये कोशिश कहते हैं, वो आपके घर पहुँचते-पहुँचते मज़ाक बन जाती है. ठीक समझा?" मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ते खरंच आमच्या गल्लीत आले, आणि घोळका कोपऱ्यावरच थांबवून आले. घराघरातलं पाणी पेल्यात घेऊन त्यांनी हुंगलं. समोरच्या सुनेच्या खाटेशी बसले. माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून विचारलं, या गल्लीत कुणाला दिवस गेलेत का? मी लेकीचं सांगितलं. माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, "मायके का दरवाज़ा खुला है, लेकिन माँ 'आ जा' नहीं बोल सकती." त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं परत म्हटलं. ह्या वेळी बरोबर समजलो का, हे विचारलं नाही.

मग लोकसभेचं अधिवेशन लागलं. एका दुपारी शेजारणीने हाका मारल्या, आपले सांसदजी बोलताहेत. आम्ही चौघीजणी तिच्या मोबाइलभोवती गोळा झालो. ते सांगत होते की त्यांच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात कावीळ कुठल्या प्रकारची आहे हे तपासायची सोय नाही, आणि नमुने दूर पाठवून अहवाल येईपर्यंत रोगी एक तर बरा होतो नाही तर जातो. कुणीतरी मध्येच ओरडलं की पाणी हा राज्याचा विषय आहे. ते वळून म्हणाले, "पानी राज्य का विषय है, मान लिया. पीलिया किसका विषय है?" आम्ही चौघींनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग ते म्हणाले, "मेरे क्षेत्र में एक मराठी बहन हैं." शेजारणीने मला असा चिमटा काढला की दंडावर वळ उठला. त्यांनी चेष्टेची सगळी गोष्ट सांगितली. सभागृह हसलं. हसू ओसरू दिलं आणि त्यांनी विचारलं, "विभाग हर बार कहता है, चेष्टा जारी है. अध्यक्ष महोदय, मैं पूछता हूँ, हिंदी वाली या मराठी वाली?" आता कुणी हसलं नाही. "उस बहन की बेटी पहली ज़चगी के लिए," बाळंतपणापर्यंत आले आणि वेळ संपली म्हणून त्यांचा माइक बंद झाला.

ते बसले नाहीत. बोलतच राहिले. आवाज येत नव्हता, नुसते ओठ हलत होते. शेजारीण म्हणाली, "अरे, क्या बोल रहे हैं?" मला मात्र शब्दन् शब्द कळत होता, कारण ते वाक्य माझंच होतं. आमची मायबोली वेगळी, मत मी त्यांना दिलं की नाही हे त्यांना ठाऊकही नाही, आणि तो माणूस माझं दुःख दिल्लीत उभं राहून, एक शब्द न बदलता सांगत होता. मी पदर तोंडाला लावून रडले. मला त्याची लाज वाटत नाही.

त्यानंतर गल्ली खणली गेली. एका भाषणाने सगळं झालं असं मी म्हणणार नाही. त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी किती खेटे घातले ते आम्ही पाहिलं आहे. मागच्या गल्ल्यांतला जुना पाइप अजून तसाच आहे आणि ते अजून त्यावर बोलतात. आमच्याकडे नवा पाइप पडला, पाण्याची तपासणी झाली, ती पुन्हा एकदा झाली, आणि लेकीच्या डॉक्टरीणबाईंनी अहवाल वाचून हो म्हटलं. ते पाणी मी आधी स्वतः प्यायले, मग ह्यांना पाजलं, आणि मगच फोन उचलला.

"ये," मी म्हटलं.

लेक म्हणाली, "आई, खरंच? चेष्टा नाही ना करत?"

"नाही गं बाई," मी म्हटलं. "चेष्टा संपली. तू ये."