रुळावरचे तीन फटाके

आयर्लंडमधल्या डॉनेगॉलच्या डोंगरात अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, त्याच वर्षी डिलिया गिल्डीचं लग्न झालं. आता पीठ स्वस्त होईल, हेरिंग मासे ताजे डेरी शहराला पोचतील, असं गाव म्हणायचं. दोन्ही खरं झालं. पण त्याच रुळांवरून माणसंही जाऊ लागली, आणि ती परत येत नसत. नवरा वारल्यावर अकरा नंबरचं फाटक डिलियाकडे आलं, फाटकाबरोबर दोन खोल्यांचं घर. नोकरी गेली तर घरही जायचं.

कोणी अमेरिकेला निघालं की रुळांचा मुकादम कॉन्डी बॉनर स्टेशनबाहेर रुळावर तीन फटाके लावायचा. एरवी हे फटाके धुक्यात ड्रायव्हरला इशारा देण्यासाठी असत. चाकाखाली ते फुटले की खोऱ्याला कळायचं, एक माणूस कमी झालं.

१९२७च्या मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, कॉन्डी फाटकावरून स्टेशनकडे चालला होता.

"काय रे, आज कोणाचं पोर?" डिलियाने विचारलं.

"आहे कोणीतरी."

"कोणीतरी? खोऱ्यात कुत्रीला पिल्लं झाली तरी तुला आधी कळतं."

"उशीर झालाय."

"चहा घेऊन जा. बायको देते तसलं पाणी नाही."

"नको."

एकोणीस वर्षांत कॉन्डी चहाला नाही म्हणाला नव्हता. पोट बिघडलं असेल, असं म्हणत डिलियाने फाटक लावलं. घरात ती एकटीच होती. मुलगी मॅज कालपासून मावशीकडे, चुलीत जाळायची दलदलीतली माती, पीट, कापायला गेलेली.

तीन फटाके फुटले. डिलियाने छातीवर क्रूसाची खूण केली. चढावर गाडी माणसाच्या चालीने येत होती. दुसऱ्या डब्याच्या खिडकीत बहिणीचा निळा कोट दिसला. कोटात मॅज होती.

लाल बावटा वर गेला. आपणच तो उचलला, हे डिलियाला गाडी थांबल्यावर समजलं.

"काय गं, रूळ तुटला का?" ड्रायव्हर ओरडला.

ती खिडकीशी गेली. "तू पीट कापायला गेली होतीस," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर जाता आलं नसतं, आई. दोघं भाऊ अमेरिकेला गेले तेव्हा तू आठवडाभर चूल पेटवली नव्हतीस."

"कॉन्डीला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक होतं."

डिलियाने हात वर करून मॅजच्या कोटाचं वरचं बटण लावलं.

गार्ड जवळ आला. "डिलिया, लाल का दाखवलास ते मला लिहावं लागेल."

"मेंढी होती."

गार्डने मोकळ्या रुळांकडे पाहिलं. "काळी की पांढरी?"

"पांढरी."

"बरं," म्हणून तो मागे गेला.

आता तिने हिरवा दाखवल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. सगळ्या खिडक्या तिच्याकडे बघत होत्या. डिलिया आपल्या जागी गेली, लाल बावटा गुंडाळून काखेत धरला आणि मॅजकडे न पाहता हिरवा वर केला.

गाडी वळणाआड गेली तरी तो वरच होता. फाटकापाशी खोळंबलेला एक गाडीवान टोपी हातात धरून उभा होता. फाटक उघड, असं त्याने बराच वेळ म्हटलं नाही.