बाहेर बसणारी

“आत तू जा, मी बाहेर बसते.”

सुगुणा अक्का हे मला पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि आत हॉस्टेलची वॉर्डन होती.

आज अक्काला जाऊन एक वर्ष झालं.

बाबा मला सांगलीहून चेन्नईला आणून, हॉस्टेलच्या फाटकाशी सोडून दुपारच्या गाडीने परत गेले होते. नंतर कळलं, फॉर्मवर त्यांची एक सही राहिलीय. मी जिन्यात बसून रडत होते.

“‘आई गं’ ऐकलं म्हणून थांबले,” असं अक्का पुढे सगळ्यांना सांगायची. “नाहीतर पहिल्या आठवड्यात इथे रोजच कोणीतरी रडतं.”

ती तिसऱ्या वर्षाला होती. तंजावरच्या मराठी घरातली. तिची मराठी जुनी, तमिळच्या चालीवर चालणारी. ‘सगळे’ला ती ‘अस्के’ म्हणायची. महिनाभर मी हसले. मग मीही तेच म्हणायला लागले.

त्या संध्याकाळी तिने मला तिसऱ्या मजल्यावर नेलं. तिथे तिच्यासकट नऊ जणी होत्या.

“ही सांगलीची. आजपासून आपली.”

“हळदीचं गाव ना? तरीच पिवळी पडलीय,” त्यांतली एक म्हणाली.

“तुमच्यात येऊन मिळतं काय?” मी विचारलं. कॉमर्सला होते, खरंच जाणून घ्यायचं होतं.

अक्काने बोटांवर मोजलं. “सीनियरच्या नोट्स. इस्त्री. रविवारी माझ्या आईच्या पद्धतीचं रसम. आणि दवाखाना, पोलीस स्टेशन, रेल्वे स्टेशन. या तीन ठिकाणी तू कधी एकटी जाणार नाहीस.”

“आणि मी काय द्यायचं?”

“तेच. तूही बाहेर बसायचं.”

आत काय झालं ते विचारायचं नाही. फक्त बाहेर असायचं. नियम एवढाच.

नोट्स निम्म्या चुकीच्या निघाल्या. इस्त्रीने माझी ओढणी जाळली. रसम मात्र चांगलं होतं.

चौथी गोष्ट पंचवीस वर्षं टिकली.

माझा पहिला इंटरव्ह्यू गिंडीच्या एका कारखान्यात होता. इंटरव्ह्यू यादीत नव्हता, तरी अक्का आली. पायरीवर तीन तास बसली. मी नकार घेऊन बाहेर आले तेव्हा तिने लिंबूभाताचा डबा पुढे केला. अर्धा तिने आधीच खाल्ला होता.

“बरं झालं. इथे धड कँटीनपण नाही.”

आमची लग्नं झाली, मुलं झाली, काही जणींची लग्नं मोडली. माझी मुलगी झाली तेव्हा नवरा परदेशात होता. दाराबाहेर अक्का होती. नर्सने विचारलं, तुम्ही कोण? अक्का म्हणाली, “तिसरा मजला.” नर्सने तिला लिफ्ट दाखवली.

दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी तिचा फोन आला. मी शोळिंगनल्लूरच्या ऑफिसमध्ये होते. त्या आठवड्यात आमच्या सॉफ्टवेअरचं मोठं रिलीज होतं.

“गुरुवारी मोकळी आहेस का?”

“पुढच्या आठवड्यात चालेल, अक्का?”

“परवाइल्ले,” ती म्हणाली. असू दे, काही हरकत नाही.

कशासाठी, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. विचारायचं नसतं, हा आमचा नियम.

नियम त्या दिवशी मला फार सोयीचा पडला.

गुरुवारी ती बसने स्कॅनला गेली. एकटीच आत गेली. बाहेरच्या खुर्चीवर कोणी नव्हतं.

पुढचे अनेक महिने आम्ही नऊ जणींनी पाळ्या लावल्या. एकही दिवस चुकवला नाही. त्याने तो गुरुवार भरून निघाला नाही.

अक्काच्या मुलीने, नित्याने, तेराव्याच्या दिवशी भांडी उचलताना मला विचारलं, “त्या गुरुवारी तुमची तिसऱ्या मजल्याची सोरॉरिटी कुठे होती, आंटी?”

तोवर ती मला मावशी म्हणायची.

“अस्के बोलावतील तिथे अम्मा धावली. मी घरी वाट बघायचे. आणि स्वतःच्या वेळी तिने मला सांगितलंही नाही. तुम्हाला फोन केला.”

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

यातून सोडव गं अक्का, अशी तिला हाक मारावीशी वाटली. सवय.

नित्या पुढच्या आठवड्यात पुण्याला शिकायला चाललीय. हॉस्टेलला राहणार आहे. स्टेशनवर कोणी यायचं नाही, असं तिने सगळ्यांना कळवलंय. कॅब बुक झालीय.

नित्या, तू माझ्या पोस्ट वाचतेस, लाइक करत नाहीस. ठीक आहे.

तिथे जिन्यात कोणी तुला “चल आमच्यात” म्हणालं, तर जा. नोट्स तपासून घे. इस्त्री स्वतःची ने.

एक नियम मात्र बदल. आत काय आहे, ते विचार. समोरची परवाइल्ले म्हणाली, तर पुन्हा विचार.

अक्का, तुझं बाहेर बसणं संपलं. आता निवांत राहा.

आणि नित्या, मला सेंट्रल स्टेशनला यायचंय. प्लॅटफॉर्मवर येणार नाही, सामान उचलणार नाही, बोलणारही नाही. तू “परवाइल्ले, आंटी” म्हणशील, हे मला माहीत आहे.

तरी विचारते.

तू आत जा. मी बाहेर बसू?