ॲडव्हान्सचा दुसरा वर्ग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय, मलाच ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कुवेतमध्ये, अबू हलीफात राहायचे आणि तिथल्या एका भारतीय शाळेत अकरावी-बारावीला गणित शिकवायचे. शाळा चांगली की वाईट, हे आपल्या लोकांत एकाच गोष्टीवरून ठरे — इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या ॲडव्हान्स वर्गात मुलं किती? पुण्या-नाशिकचे इंजिनिअर शुक्रवारी जेवायला जमले की हीच चर्चा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना? इथे शीतही कुणी चेपून बघत नसे. चुलीवर पातेली किती, तेवढंच मोजायचं. आतला भात शिजला की करपला, कोण विचारतो?

त्या वर्षी आमच्याकडे ॲडव्हान्सचा दुसरा वर्ग निघाला. त्याची प्रमुख मी. वर्ग जेमतेम भरला होता. एक मूल गेलं असतं तरी बंद. आणि माझी मान त्या वर्गामुळेच ताठ झाली होती — खोटं कशाला बोलू?

पूर्वा त्याच वर्गात होती. तिची आई सुलभा नर्स, आमच्याच इमारतीत राहायची. मुलीला तिथे घालायला मीच भरीला पाडलं होतं. पूर्वाला ते गणित झेपत नाही, हे मला पहिल्या चाचणीतच कळलं. कळलं नव्हतं, असं कोणत्या तोंडानं म्हणू?

एकदा तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. "मॅम, आय कान्ट डू धिस. अजून कॉमर्सला जाता येईल?"

येत होतं. बोर्डाला विषय कळवायला अजून अवकाश होता. आणि मी — मी म्हणाले, "मुदत कालच संपली, बेटा."

बेटा म्हणाले. ते जास्त टोचतं.

बारावीला ती गणितात नापास झाली. सुलभा रडत माझ्याकडे आली, तेव्हा मी काय सांगितलं? पोरीचं लक्षच नव्हतं. पूर्वा आईच्या मागे दारात उभी होती. तिनं मुदतीचं काही काढलं नाही; ती खरंच संपली होती, असंच तिला वाटत होतं. सुलभानं तिला नाशिकला मामाकडे धाडलं. तिथे ती पुन्हा बसली, पुन्हा नापास झाली. मायलेकींचं बोलणंच तुटलं.

आमच्याकडे मात्र पुढच्या वर्षी तिसरा वर्ग निघाला. पूर्वाचं काय झालं, कुणी विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, सुलभानं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. म्हणाली, "बाई, तुम्ही एवढे कष्ट घेतलेत आणि आमच्या पोरीनं तुम्हाला खाली बघायला लावलं. तिला माफ करा हो."

खोलीभर बायका बघत होत्या. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "केलं."