उतरत्या पाण्याचं चिन्ह

ऋण संख्या शिकवत होते, तेव्हा आठवीच्या वर्गात मागून एक हात वर आला. "बाई, ओहोटी म्हणजे उणे ना?" चेंदणी कोळीवाड्यातल्या राघोंची कृतिका तोवर माझ्या लेखी हजेरीतलं एक नाव होती. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं.

नऊ वर्षांनी ती टेंभी नाक्याला माझ्या घरी धापा टाकतच आली. खाडीचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत एकच जागा होती. तिथल्या मॅडम दुसऱ्या दिवशी अकरा वाजता धक्क्यावर येऊन तिचा भरती-ओहोटी ओळखणारा प्रोग्रॅम तपासणार होत्या. "तुम्ही याच, बाई. तुम्ही असलात की मला धीर येतो."

मी दहालाच पोचले. पाण्यातलं यंत्र दर पाच मिनिटांनी पातळीचा आकडा लॅपटॉपवर पाठवत होतं. प्रोग्रॅम ज्युलिया या शास्त्रज्ञांच्या संगणकभाषेत होता. तिच्यात संख्येचं चिन्ह सांगणारं फंक्शन आयतंच मिळतं: धन संख्येला एक, ऋणला उणे एक, शून्याला शून्य. पाणी सरासरी पातळीच्या वर असलं की एक, म्हणजे भरती, असं कृतिकाने धरलं होतं. पडद्यावर एक होता.

राघो बाजूला जाळं सांधत बसले होते. "तुजा कम्प्युटर झोपलाय काय गो?"

"पप्पा, पाणी वरच आहे. पाण्यातली मापाची पट्टी बघा."

"वर हाय. पन चाललंय बाहेर. होड्यांची तोंडं बघ."

नांगरलेली होडी ज्या बाजूने पाणी येतं तिकडे तोंड करते. सगळ्या होड्यांची तोंडं खाडीच्या आतल्या अंगाला होती.

कृतिकाने होड्यांकडे पाहिलं आणि ती हसायलाच लागली. तिने पातळीचं चिन्ह विचारलं होतं; हवं होतं पातळीतल्या फरकाचं. आताच्या आकड्यातून मागचा वजा करायचा आणि येईल त्याचं चिन्ह घ्यायचं. अकराला वीस मिनिटं कमी होती. तिने एक ओळ बदलली. नवा आकडा येईपर्यंत मी पडद्यावरून नजर हलवली नाही.

उणे एक.

"जागा झाला," राघो म्हणाले.

मॅडम आल्या त्या तीन वाजेपर्यंत उठल्या नाहीत. ओहोटी संपताना लागोपाठ दोन आकडे सारखे आले, पडद्यावर शून्य उमटलं. थोड्या वेळाने पाणी आत येऊ लागलं आणि पहिली होडी वळू लागली, तेव्हा मॅडम उठून उभ्याच राहिल्या.

कृतिका आता दोन वर्षं त्याच संस्थेत आहे, आणि खाडीतली सहा यंत्रं तिच्याकडे आहेत.