नव्व्याण्णव मजल्यांचा राजवाडा

लिफ्टवाले काका सत्तावीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत आले होते. जेवणाच्या सुट्टीत गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत बसून ते तपासणीच्या रद्द फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर अद्भुत कथा लिहीत, मधूनच एखादी कविताही. छापून आणायची हौस त्यांना नव्हती. मुलगी मात्र हट्टाने सगळं टाइप करून ठेवायची.

एकदा ती वैतागली. "बाबा, तुमच्या राज्यात झाडं बोलतात, मासे गातात, मग म्हातारा राजा नव्व्याण्णव मजले धापा टाकत का चढतो? द्या की त्याला एक लिफ्ट."

काकांनी हाताचं ग्रीस चिंधीला पुसलं. "तिथे मी सुट्टीवर असतो. लिफ्ट बसवली की ती बंद पडणार, आणि बंद पडली की निरोप मलाच येणार."