मद्रासच्या शर्यतीत कुहीचा तांदूळ

आमच्या घरी गाडी एकच होती आणि तिची मागची सीट बैठकीत भिंतीला लावलेली होती. आलेगेले तिच्यावर बसून चहा पीत.

कारण माझा धाकटा दीर, मधू. त्या वर्षी त्याने घरची गाडी राष्ट्रीय मोटार शर्यतींत उतरवली होती. हंगामात तीन शर्यती: कलकत्ता, बंगलोर आणि मद्रास. गाडी हलकी असली की पळते, म्हणून त्याने सीट काढली, पायाखालचा गालिचा काढला, राखदाणी काढली आणि शेवटी डिकीच्या तळाला ड्रिलने भोकं पाडली.

"वहिनी, एकेका भोकानं वजन कमी होते."

"आणि ताकद?"

"ते वेल्डिंगवाला पाहून घेईन."

तो काढत होता आणि मी भरत होते. एवढी मोठी गाडी रिकामी पाठवणं माझ्या हातून होणारच नव्हतं. कलकत्त्याला जाताना संत्री गेली, येताना शंख आला. बंगलोरला पापड गेले, येताना उदबत्त्या आल्या. (मधूचा सदरा हंगामभर देवघरासारखा घमघमत होता.) शर्यतीआधी सामान नातेवाइकांकडे उतरवायचं, असा माझा नियम होता आणि तो चोख पाळला जात होता. तरीही मधू एकदा चौथा आला, एकदा दुसरा. मद्रासला पहिल्या तिघांत आला की देशात तिसरा! सासूबाईंनी ही बातमी निकालाआधीच आमच्या वस्तीत, सगळ्या धंतोलीत सांगून टाकली.

मद्रासला माझी नणंद शकू राहायची.

"तिच्यासाठी कुहीचा चिन्नोर पाठव वं," सासूबाई म्हणाल्या.

"मद्रासले तांदूळ?" मधू कपाळाला हात लावून म्हणाला. "आई, तिथं तांदळाशिवाय दुसरं आहे काय?"

"तिले तिथला गोड लागत नाही. गाडी तिथंच जाऊन राहिली ना? मग रिकामी काहून न्यायची?"

इथे माझं आणि सासूबाईंचं एकमत झालं. असं आमच्या घरात क्वचितच होई आणि झालं की कुणाचं तरी नुकसान ठरलेलं. मी तांदूळ जुन्या धुतलेल्या अभ्र्यांत भरला, तोंडं शिवली, ते डिकीत सपाट रचले, वर ताडपत्री घट्ट बसवली. इतकं नीटनेटकं काम की आत काही आहे हे कुणाला कळू नये.

मधूलाही कळलं नाही. आपण नको म्हटल्यावर तांदूळ घरीच राहिला, असं तो समजून चालला होता. वाटेत गाडी बिघडली, एक दिवस गेला आणि तो शकूकडे न जाता थेट मैदानावर पोचला. मी आणि सासूबाई त्याच सकाळी रेल्वेने पोचलो होतो, शकू मैदानावरच भेटली. गॅलरीत बसलो, गाड्या रांगेत लागल्या आणि शकूने विचारलं, "वहिनी, तांदूळ कुठं आहे?"

"तुझ्याकडे उतरवला ना मधूने?"

"तो तर घरी आलाच नाही."

तेवढ्यात झेंडा पडला.

पहिल्या फेरीत माझा जीव मुठीत. दुसऱ्या फेरीत मात्र चमत्कार! वळणावर बाकीच्या गाड्या मागून घसरत होत्या आणि आमची जमिनीला चिकटून जात होती. मधू पाचवा होता, चौथा झाला, तिसरा झाला.

"तांदळानं धरून ठेवलं तिले," सासूबाई समाधानाने म्हणाल्या.

मग अभ्रे फाटले. (शिवण पक्की होती, कापड जुनं होतं.) मधूने पाडलेल्या भोकांतून चिन्नोर बारीक धारेने रस्त्यावर पडू लागला. मागच्या गाडीने त्यावर गिरकी घेतली. तिच्या मागची कडेला रचलेल्या गवताच्या भाऱ्यांत शिरली.

"अर्धा तरी उरन का वं?" शकू कळवळून म्हणाली.

पंचांनी काळा झेंडा दाखवला. म्हणजे गाडी बाहेर, शर्यत संपली. मधूने डिकी उघडली, रिकाम्या अभ्र्यावरचं माझं भरतकाम ओळखलं आणि कठड्यापाशी पोचलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, मी इथं राखदाणीचं वजन मोजून राहिलो होतो."

मी कठड्यावरून हात लांब करून रिकामा अभ्रा मागून घेतला.

देशात तिसरा दुसराच कुणीतरी झाला. पुढच्या हंगामाचं नियमपुस्तक आलं तेव्हा मधूने ते मुकाट्याने माझ्यासमोर ठेवलं. शेवटी एक नवा नियम होता: स्पर्धेच्या वाहनातून धान्य, फळे अथवा घरगुती वस्तू नेऊ नयेत. सासूबाईंनी तो दोनदा वाचून घेतला आणि धंतोलीत सांगितलं की पोराचा नंबर राहिला, पण सुनेच्या कामावरून निघालेला नियम मात्र देशभर लागू झाला.